राक्षसाला कुणाचं नाक?

रेनेंगांना, म्हणजे गावच्या रीतीने आदराने म्हणायचं तर पाक रेनेंगांना, पहिला संशय आला तो ओकाने त्यांना नमस्कार केला तेव्हा.

आता नमस्कारात संशय येण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारील. पण तेगेहसारी आळीच्या तरुण मंडळाचा हा पुढारी एरवी पाक रेनेंग समोरून आले की मोबाइलमध्ये तोंड खुपसून कडेने सटकायचा. त्या दिवशी मात्र तो चावडीच्या पायरीवरून उठला, दोन्ही हात जोडून "कसं काय, पाक?" म्हणाला, आणि मग पाकांच्या नाकाकडे बघतच राहिला. आत ताडपत्रीमागे न्येपीच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या मौनदिवसाच्या, आदल्या संध्याकाळी मिरवून जाळायचा राक्षस तयार होत होता. बांबू तासल्याचा आवाज येत होता. पाक दाराशी आले तसा आवाज थांबला. पाक पुढे गेले, आवाज सुरू झाला. पाक हळूच दोन पावलं मागे आले, तर आवाज पुन्हा बंद, आणि आत कुणीतरी फिसकन हसलं.

संशय हा पाक रेनेंगांच्या पोटापाण्याचा धंदाच होता. गावाबाहेरच्या झऱ्यांच्या देवळात आखूड चड्ड्या घालून येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना कमरेला गुंडाळायला सारोंग द्यायचं आणि जाताना परत घ्यायचं, हे त्यांचं खातं. इतकी वर्षं त्या खिडकीत बसून त्यांचा एक सिद्धांत तयार झाला होता: जो माणूस विनाकारण गोड हसतो, त्याच्या पिशवीत सारोंग असतं. शिव्या देत येणारे पाहुणे घडी घालून परत देतात. हसणाऱ्यांच्या मागे मात्र पार बसच्या दारापर्यंत धावावं लागतं. ओका गोड हसला होता. म्हणजे त्याने पाकांचं काहीतरी ढापलं होतं, आणि सारोंग तर त्यांच्या कमरेलाच होतं.

मग राहिला फक्त चेहरा.

ही भीती अगदीच हवेतली नव्हती. काही वर्षांपूर्वी याच पोरांनी राक्षसाला सुविजा नावाच्या जमीनदलालाचा चेहरा दिला होता. मोजपट्टीची लांबलचक जीभ, हातात भातखाचराचा तुकडा, आणि गाल हुबेहूब सुविजाचे. राक्षस त्याच रात्री जळून गेला, पण सुविजा काही सुटला नाही. आजही पोरं त्याला 'भूत सुविजा' म्हणतात. त्याची सख्खी सासूसुद्धा लेकीला फोनवर विचारते, "भूत जेवायला घरी आहे का गं?" असं नाव एकदा चिकटलं की माणसाबरोबर चितेवरच जातं.

आणि पाक रेनेंगांनी गेल्याच महिन्यात सभेत पोरांच्या कर्ण्याबद्दल तक्रार केली होती.

घरी येऊन टेकतात तोच लेकीचा फोन आला. विदियानी सानूरच्या एका हॉटेलात कामाला होती, आणि तिथल्याच आर्सा नावाच्या मुलाशी तिचं जमलं होतं. मुलगा घाटापलीकडच्या, उत्तरेकडच्या सिंगाराजाचा. त्याचे वडील निवृत्त मुख्याध्यापक.

"बापा, आर्साच्या घरचे येतायत. रीतसर मागणी नाही हं अजून, नुसती ओळख. त्यांना आपल्या आळीचा राक्षस बघायचाय. फार ऐकलंय म्हणे."

"काय ऐकलंय?" पाकांनी खोल आवाजात विचारलं.

"काय म्हणजे? चांगला असतो म्हणून."

"कुणाकडून ऐकलंय?"

"बापा!" असं म्हणून विदियानीने फोन आईकडे द्यायला सांगितला.

बू कर्ती, म्हणजे पाकांची बायको, फोनवर हसत होती आणि पाकांच्या डोळ्यांपुढे चौक उभा राहिला होता. मशाली पेटल्या आहेत, झांजा कडकडतायत, आणि व्याह्यांच्या समोर सुळे बाहेर काढून आपलाच चेहरा रीतीप्रमाणे तीन वेळा गरगर फिरतोय. पुढचं त्यांना ऐकूही येत होतं. 'तुमचे सासरे कुठले हो?' 'ते नाही का, तेगेहसारीचे, भूत रेनेंग.' लेकीच्या संसाराला जन्माचा डाग. त्या दुपारी त्यांना जेवण गेलं नाही.

शेजारच्या पाक गेरियाचं डोकं कुंपणाच्या भिंतीवर उगवलं. गेरियाचा भाजक्या डुकराच्या मांसाचा गाडा होता, आणि सणासुदीला तो चौकड्याचं वस्त्र गुंडाळून आळीची राखणही करायचा. भिंतीपलीकडे तो नेमका कशावर उभा राहतो, हा पाकांचा एक जुना संशय होता.

"ब्ली, काय झालं?" गेरिया त्यांना ब्ली, म्हणजे दादा म्हणायचा. "तोंड का असं झालंय?"

"कसं झालंय? कशासारखं झालंय?" पाक ताडकन उठले.

खोदून खोदून गेरियाने सगळं काढून घेतलं. मग मान डोलावून म्हणाला, "ब्ली, खाल्ल्या मिठाला माणूस जागतो. पोरांना खाऊ घाला. ज्याची भजी खाल्ली त्याचा कुणी राक्षस करत नाही. मी दरवर्षी मांस पाठवतो. कधी आलाय माझा चेहरा?"

म्हणून दुसऱ्या दिवशी केळ्याच्या भज्यांची परडी आणि कॉफीची किटली घेऊन पाक रेनेंग चावडीत गेले. पोरांनी ताडपत्री आणखी घट्ट ओढली. भजी मात्र सगळी खाल्ली. पाक कौतुकाने इकडे तिकडे बघत, म्हणजे एक डोळा मिटून ताडपत्रीच्या फटीतून आत बघत, म्हणाले, "चालू द्या, चालू द्या. मी आपला सहज आलो."

तेव्हा ओकाने तोंड पुसलं आणि पुढे येऊन विचारलं, "पाक, एक विचारू का? रागवायचं नाही. तुमची बहीण देलोद आळीत दिलीय ना?"

"दिलीय. मग?"

"नाही, म्हणजे मेव्हण्यांनी पाठवलंय का तुम्हाला? त्यांच्या राक्षसाचा हात हलतो म्हणे. तालुक्याचं बक्षीस असतं, म्हणून आमचा काय काय हलतो ते बघायला?"

पाक रेनेंग थक्क झाले. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यावर संशय घेतला, त्यांच्यावर कुणीतरी संशय घेत होतं! हा तर सरळ सरळ धंद्यात हात घालणं झालं. ते रिकामी किटली घेऊन तरातरा निघाले, आणि वाटेत त्यांच्या ध्यानात आलं की ही तर पोराची चलाखी. चोर तो चोर आणि वर शिरजोर. मूळ प्रश्नाला त्याने बगल दिली होती.

आता एकच उपाय उरला होता. चेहरा त्यांनी उचललाच असेल तर आपण आपला बदलून टाकायचा. लग्नाच्याही आधीपासून राखलेली, टोकांना किंचित वर वळवलेली मिशी पाक रेनेंगांनी आरशासमोर उभं राहून उतरवली. आरशात जो माणूस दिसला त्याच्यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसला नसता.

बू कर्ती देवापुढच्या नैवेद्याच्या केळीच्या द्रोणात फुलं भरत बसली होती. तिने वर बघितलं. द्रोण खाली ठेवला.

"कोण आहे ती?" तिने शांतपणे विचारलं.

"कोण ती?"

"आपल्या लग्नात मी काढा म्हटलं होतं, तेव्हा नाही काढलीत. आईने सांगितलं तेव्हा नाही काढलीत. आज कुणी सांगितलं? देवळातल्या खिडकीत येते ती?"

"अगं, खिडकीत दिवसाला शेकडो बायका येतात!"

हे उत्तर देऊ नये हे पाकांना ते देऊन झाल्यावर कळलं. पुढचे दिवस जेवणात मिठाचा पत्ता नव्हता, आणि गेरियाचं डोकं मात्र भिंतीवर वारंवार उगवू लागलं.

शेवटी पाकांनी कायद्याची वाट धरली. आळीचे प्रमुख, ज्यांना क्लियान म्हणतात, ते पाक सुतेजा. गृहस्थ सज्जन, पण इतके नियमाचे की सावलीत बसायलाही ठराव मागतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पुरावा?"

"पुरावा ताडपत्रीखाली आहे."

"पण पूजा होईपर्यंत ताडपत्री काढायची नाही, हा सभेचाच ठराव. तुम्हीच अनुमोदन दिलं होतंत."

"मग पूजा झाल्यावर तक्रार घ्या."

"पूजा झाल्यावर तो राक्षस. राक्षसाविरुद्ध तक्रार घ्यायची तर भटजी लागतो, क्लियान नाही."

तेव्हा पाकांनी विषय सभेतच मांडायचं ठरवलं. अर्थात स्वतःचं नाव न घेता, तत्त्व म्हणून. लाकडी घंटेचे ठोके पडले, सगळे कर्ते पुरुष डोक्याला फडकी बांधून चावडीत मांडी घालून बसले. पाक रेनेंग उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "माझं व्यक्तिशः काही नाही. पण जिवंत माणसाचा चेहरा राक्षसाला देणं आपल्या परंपरेत बसतं का, याचा समाजाने विचार करावा."

एवढं बोलून ते बसले. मग मागून कुणीतरी विचारलं, "कुणाचा चेहरा देतायत?"

आणि इथे सगळा घोळ सुरू झाला. खाई त्याला खवखवे म्हणतात. तेगेहसारीत तर घरोघर काही ना काही खाल्लेलं निघालं. पाटाचं पाणी आपल्या खाचरात जरा जास्त वळवणाऱ्याला वाटलं, आपलाच चेहरा. सासऱ्याच्या श्राद्धाला डुक्कर बारकं आणणाऱ्याला वाटलं, आपलाच. सुविजा उठून ओरडला, "पुन्हा माझाच केला असेल तर मी घर विकून डेनपासारला जाईन!" त्यावर दोघातिघांनी तिथेच घराची किंमत विचारली. सभा मोडली तेव्हा एकमेकांकडे कुणी सरळ बघत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून चावडीपुढे रीघ लागली. कुणी कॉफी घेऊन येई, कुणी साखर, कुणी नुसताच 'सहज'. प्रत्येक जण मान लांब करून, एक डोळा मिटून फटीतून बघे आणि ओका आतून त्याच्याकडे बघे. खुद्द गेरियासुद्धा दोनदा जाऊन आला. क्लियान पाक सुतेजा चार वेळा गेले, आणि प्रत्येक वेळी 'पाहणीसाठी' असं सांगून गेले. शेवटी त्यांनीच ठराव करून तपास समिती नेमली: ते स्वतः, गेरिया आणि रेनेंग. भटजींची परवानगी काढून समितीने विधिवत ताडपत्री उचलली.

राक्षस उभा होता. पोट रांजणाएवढं, नखं कुदळीसारखी. मानेवर मात्र काहीच नव्हतं.

"डोकं कुठंय?" पाक रेनेंगांचा आवाज चिरकला.

"डोकं दुसरीकडे बनतंय," ओका म्हणाला, आणि तसाच गोड हसला. "पाक, तुम्ही मिशी का काढलीत? छान होती."

समितीने तिथल्या तिथे आणखी एक ठराव केला: मिरवणुकीआधी डोकं क्लियानांना दाखवल्याशिवाय धडावर चढवू नये. हा ठराव रेनेंगांचा. तो मंजूर झाला तेव्हा बऱ्याच दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली.

पण संशयी माणूस एका कुलपावर थांबत नाही. त्यांनी सिंगाराजाला फोन लावला. पलीकडून विरात्मांचा, म्हणजे आर्साच्या वडिलांचा, दगडावर दगड आपटावा तसा आवाज आला. उत्तरेकडचं बोलणंच तसं.

"मिरवणूक कधी?"

"आठ वाजता," पाक म्हणाले. मिरवणूक खरं तर दिवेलागणीलाच निघायची. आठपर्यंत राक्षस मसणात जाळून राख झालेला असतो. व्याह्यांनी यावं, राख बघावी, कॉफी घ्यावी आणि न्येपी लागायच्या आत घाट ओलांडून घरी जावं, असा बेत.

"उशीर नाही होत? आमच्याकडे तर सहाला निघते."

"आमच्याकडे जरा सावकाश असतं."

मग विरात्मांनी विचारलं, "का?"

त्या 'का'ने पाक रेनेंगांना घाम फुटला. असं 'का' त्यांनी आजवर फक्त स्वतःच्याच तोंडून ऐकलं होतं.

सणाची संध्याकाळ आली. चौकात नैवेद्य मांडले, मशाली तयार झाल्या, जवळच्या हॉटेलांतले पाहुणे मोबाइल वर धरून गर्दी करून उभे राहिले. देलोद आळीचा राक्षस हात हलवत जाऊन जळूनही गेला. तेगेहसारीचा मात्र पत्ता नव्हता. कारण ठरावाप्रमाणे डोकं क्लियानांना दाखवायला नेलं होतं, आणि क्लियान पाक सुतेजा खोलीचं दार लावून, बायकोचा आरसा हातात घेऊन, एकदा डोक्याकडे आणि एकदा आरशाकडे बघत बसले होते. बाहेर झांजवाल्यांचे हात दुखायला लागले. निर्णय काही होईना. पाक रेनेंग दारावर थापा मारत होते, "अहो क्लियान, आटपा! आठ वाजतील!"

"घाई करू नका," आतून आवाज आला. "कानांचं अजून ठरत नाहीये."

अखेर डोकं चढलं, वरून ताडपत्री पडली, बांबूच्या चौकटीखाली पोरांनी खांदे दिले आणि राक्षस निघाला. तो चौकात पोचला आणि नेमकी त्याच वेळी घाटाकडून आलेली एक पांढरी गाडी गर्दीत अडकून चौकाच्या मधोमध थांबली. गाडीतून विदियानी उतरली, आर्सा उतरला, त्याची आई उतरली, आणि शेवटी डोळे बारीक करून, मान लांब करून विरात्मा उतरले.

झांजांचा कडकडाट झाला. ओकाने ताडपत्री खेचली.

एक डोळा मिटलेला, दुसरा बटाट्याएवढा. मान बगळ्यासारखी पुढे. आणि नाक! कुणाच्या तरी कुंपणावरून, कुणाच्या तरी फटीतून, कुणाच्या तरी पिशवीत खुपसलेलं, जगाचा वास घेणारं ते लांबलचक नाक. पाक रेनेंगांनी आपल्या नाकाला हात लावला. चौकातल्या बहुतेक सगळ्या कर्त्या पुरुषांनी तेव्हा तेच केलं.

"भूत संगसया!" ओका कर्ण्यातून ओरडला. "म्हणजे संशयाचं भूत! आधी आम्ही पाण्याचा राक्षस करणार होतो. पण आळीतली सगळी वडीलधारी मंडळी रोज येऊन बघून गेली, तेव्हा हे सुचलं. थोडं थोडं सगळ्यांचं आहे. मंडळ आभारी आहे!"

लोक पोट धरून हसत होते. बू कर्तीसुद्धा हसत होती, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदाच नवऱ्याकडे प्रेमाने बघत होती. मिशीचा उलगडा तिला आत्ता झाला होता. पण पाक रेनेंगांचं लक्ष विरात्मांकडे होतं. विरात्मा लालबुंद झाले होते.

"हा माझा चेहरा आहे," ते गरजले. "म्हणून आठला बोलावलंत! मुद्दाम! माझा फोटो पोरीकडून घेतलात आणि माझंच नाक करून माझ्याच समोर नाचवताय!"

"अहो, नाही हो! तो माझा आहे!"

"तुमचा कसा? तुम्हाला मिशी आहे म्हणाली होती पोरगी. तुम्ही मिशी का काढलीत?"

राक्षस तीन वेळा फिरला, तालुक्याचं पहिलं बक्षीस त्यालाच जाहीर झालं, आणि पाकांनी स्वतः पुढे होऊन त्याला मसणात लवकर जाळायला लावलं. पण तोवर गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या, घाटाचा रस्ता राखणदारांनी अडवला होता, आणि न्येपी दाराशी आली होती. व्याह्यांना परत जाता येणार नव्हतं.

न्येपीच्या दिवशी बेटावर सगळं थांबतं. रस्त्यावर माणूस नाही, चुलीत विस्तव नाही, दिवा नाही, काम नाही, आकाशात विमानही नाही. मोठ्याने बोलायचं नाही. घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. ज्या माणसाचा आपल्याशी उभा दावा आहे, त्याच्याबरोबर एका पडवीत अख्खा दिवस बसून काढणं म्हणजे काय, ते पाक रेनेंगांना त्या दिवशी कळलं. आतल्या खोलीत दोघी विहिणी कुजबुजत, खिदळत होत्या. विदियानी एकदा दाराशी येऊन डोळे भरून बापाकडे बघून गेली. दुपारपर्यंत दोघं पुरुष थंड भात खाऊन दोन खांबांना टेकून बसले होते. विरात्मा बोटांनी नाक चाचपत होते.

शेवटी विरात्मांनी दबक्या आवाजात विचारलं, "पहिलं बक्षीस मिळालं म्हणता?"

"पहिलं."

"सगळ्या तालुक्यात?"

"सगळ्या."

पुन्हा नाकाची चाचपणी झाली. मग विरात्मा म्हणाले, "नाक माझंच होतं. वर्गात शिरलो की पोरं कॉप्या गिळायची, ते या नाकामुळे."

पाक रेनेंगांना ते सहन होईना. कालपर्यंत ज्या नाकापायी त्यांनी मिशी दिली, अन्न सोडलं, सभा फोडली, ते असं परगावच्या माणसाने उचलून न्यावं?

"माफ करा," ते फिसफिसले, "पण सगळी आळी सांगेल. नाक माझं होतं. सारोंग पिशवीच्या तळाशी असलं तरी वास येतो मला."

"तुमचं आखूड आहे."

"मिशी नाही म्हणून तसं दिसतंय!"

दोघं गुडघ्यांवर उठून एकमेकांच्या नाकाशी नाक लावून कुजबुजत भांडायला लागले. तोच फाटकाबाहेर काठी आपटली. राखणीवर निघालेला गेरिया चौकड्याच्या वस्त्रात उभा होता. त्याने ओठांवर बोट ठेवलं, इकडे तिकडे बघितलं, फाटकावरून मान आत घातली आणि हळूच म्हणाला, "उगीच भांडू नका. पोरांनी मला खासगीत सांगितलंय. नाक माझं होतं."

आणि तो काठी टेकत पुढच्या घराकडे गेला.

विरात्मा किती तरी वेळ त्या फाटकाकडे एक डोळा बारीक करून बघत राहिले. मग सरकत सरकत पाक रेनेंगांच्या खांबाला येऊन टेकले आणि त्यांच्या कानाशी लागून म्हणाले, "व्याही, हा माणूस मला काही बरा वाटत नाही."

पाक रेनेंगांनी विरात्मांचा हात घट्ट धरला.

"मी पहिल्यापासून सांगतोय," ते म्हणाले, "पण माझं कुणी ऐकतच नाही."